रत्नागिरी जिल्ह्यातील परसबागांमधील वन्यप्राण्यांचा उपद्रव

रत्नागिरी जिल्ह्यातील घरांभोवतीचे परस, आगर, अंगण व हिरवळ वन्यप्राण्यांकडून उकरली जाणे ही कोकणातील मानव-वन्यजीव संघर्षाची एक नित्याची बाब आहे. या उपद्रवात रानडुक्कर, साळिंदर व घूस या प्राण्यांचा वाटा मोठा असतो. जवादी मांजर, मुंगूस व खवले मांजर हे प्राणीही अन्नासाठी जमीन खणतात, मात्र त्यांच्यामुळे होणारे नुकसान किरकोळ असते. घरालगत लावलेले सुरण, कणगर, रताळी, अळू, हळद इत्यादी कंदपिके, नारळ-सुपारीची कोवळी रोपे व अलीकडच्या काळात बंगल्यांभोवती लावले जाणारे लॉन यांना या उकरण्याचा फटका बसतो.

उकरलेली जमीन हे बहुतेक वेळा मातीत खाद्य असल्याचे लक्षण असते. त्यामुळे उकरणारा प्राणी ओळखणे, त्याला आकर्षित करणारे खाद्य कमी करणे आणि योग्य कुंपण घालणे या तीन गोष्टींवर प्रतिबंधक उपाय आधारलेले असतात. फासकी, गावठी बॉम्ब व वीजप्रवाह सोडलेल्या तारा यांचा वापर बेकायदेशीर असून त्यामुळे माणसे, पाळीव जनावरे आणि बिबट्यासारखे संरक्षित प्राणी बळी पडतात.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्हा सह्याद्री व अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यात वसलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ 8,208 चौ. किमी असून त्यात मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा व राजापूर हे 9 तालुके आहेत. जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3,000 मिमीपेक्षा अधिक पाऊस पडतो. जांभा दगडाचे सडे, त्यांच्या उतारांवरील झाडी, ओढ्याकाठचे भातमळे व किनाऱ्यालगतची नारळ-सुपारीची आगरे अशी येथील भूरचना आहे. जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेले चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. असे असले तरी जिल्ह्यातील बहुतांश झाडी शासकीय राखीव वनात मोडत नाही; ती खासगी मालकीच्या जमिनींवर, देवरायांत व गावांच्या सीमांवर विखुरलेली आहे. त्यामुळे येथे जंगल आणि वस्ती यांच्यात स्पष्ट सीमारेषा आढळत नाही. अनेक वाड्यांमध्ये घराच्या मागील गडग्यापलीकडे लगेच रान सुरू होते.

लोकसंख्येतील बदलाचाही या प्रश्नाशी संबंध आहे. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 च्या जनगणनेत ती 16,15,069 इतकी नोंदली गेली. 2011 मध्ये दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण 1,122 होते. रोजगारासाठी मुंबई व अन्य शहरांत होणारे स्थलांतर हे यामागील प्रमुख कारण मानले जाते. अनेक घरे वर्षातील बराच काळ बंद असतात आणि गणेशोत्सव, शिमगा किंवा मे महिन्याच्या सुट्टीत चाकरमानी परतल्यावरच उघडतात. नाचणी, वरी यांसाठी कसली जाणारी वरकस जमीन पडीक राहिल्याने तेथे झुडपे व गवत माजते. अशी दाट झुडपे रानडुकरांना दिवसा दडून बसण्यास व पिल्ले वाढवण्यास सोयीची ठरतात.

यातून एक चक्र निर्माण होते. प्राण्यांच्या उपद्रवामुळे शेती परवडेनाशी होते, जमीन पडीक टाकली जाते, पडीक जमिनीत रान वाढते आणि त्या रानातील प्राणी उरलेल्या शेतांकडे व परसबागांकडे वळतात. ज्या वाडीत मोजकीच कुटुंबे राहतात, तेथे पूर्वी अनेक शेतांत विभागला जाणारा उपद्रव त्या थोड्या घरांच्या वाट्याला येतो.

जमीन उकरण्याची कारणे

मातीतील कंद, मुळे, गांडुळे, कीटकांच्या अळ्या, मुंग्या व वाळवी हे खाद्य मिळवणे हा जमीन उकरण्यामागील मुख्य हेतू असतो. घूस व साळिंदर हे प्राणी निवाऱ्यासाठी बिळेही खणतात.

उकरण्याचे प्रमाण ऋतूनुसार बदलते. उन्हाळ्यात जांभ्याची माती कडक होते व प्राण्यांना खणणे कठीण जाते. या काळात पाणी घातल्यामुळे ओलसर राहिलेली परसबाग, नारळाची आळी व लॉन हीच मऊ जमीन उरते. त्यामुळे प्राणी तेथे आकर्षित होतात. एप्रिल व मे महिन्यांत झाडाखाली पडलेले आंबे, फणस व काजूची बोंडे खाण्यासाठीही रानडुकरे व साळिंदरे घराजवळ येतात. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेले सुरणाचे व हळदीचे बेणे काही वेळा रुजण्यापूर्वीच उकरून खाल्ले जाते. मृगाच्या पावसानंतर माती मऊ होते आणि गांडुळे पृष्ठभागाजवळ येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रानडुकरांचा मोर्चा पोटरीत आलेल्या व पिकलेल्या भाताकडे वळतो. भातकापणीनंतर, म्हणजे कंद पोसले जाण्याच्या काळात, परसातील कणगर व रताळी यांचे नुकसान वाढते.

लॉनच्या बाबतीत हुमणी ही कीड विशेष महत्त्वाची आहे. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या किंवा मोसमी पावसाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, झाडांची पाने खातात व मातीत अंडी घालतात. अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या पांढुरक्या, इंग्रजी सी अक्षराप्रमाणे वाकलेल्या अळ्या गवताची व पिकांची मुळे खातात. या अळ्या प्रथिने व मेद यांनी समृद्ध असल्याने रानडुक्कर, जवादी मांजर व मुंगूस यांचे ते आवडते खाद्य आहे. कच्चे शेणखत घातलेल्या जमिनीत हुमणीचे प्रमाण अधिक आढळते.

उकरणारे प्राणी व त्यांच्या खुणा

बहुतेक उकराउकर रात्री होत असल्यामुळे प्राणी प्रत्यक्ष दिसत नाही. खड्ड्याचा आकार, पावलांचे ठसे, विष्ठा व खाऊन टाकलेले अवशेष यांवरून तो ओळखता येतो.

रानडुक्कर

रानडुक्कर (शास्त्रीय नाव सुस स्क्रोफा) हा परसबागेचे सर्वाधिक नुकसान करणारा प्राणी आहे. त्याच्या लांबट मुस्कटाच्या टोकाला कडक कूर्चेची चकती असते. तिच्या साहाय्याने तो माती खालून वर उलथतो. माद्या व पिल्ले कळपाने फिरतात, तर प्रौढ नर बहुधा एकटे असतात. मादीचा गर्भकाळ सुमारे 4 महिन्यांचा असून ती एका वेळी साधारणतः 4 ते 6 पिल्लांना जन्म देते. या प्राण्याचे घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असते व मातीखालील कंदाचा वास त्याला येतो. दृष्टी मात्र तुलनेने कमजोर असते.

रानडुकरांनी उकरलेली जमीन नांगरल्यासारखी दिसते. हिरवळीचे पट्टे उलटे पडलेले असतात आणि मऊ मातीत दोन खुरांचे ठसे उमटतात. ओलसर जागी लोळल्याच्या खुणा व जवळच्या झाडांच्या बुंध्यांवर अंग घासल्याने लागलेला चिखल आढळतो.

साळिंदर

साळिंदर (हिस्ट्रिक्स इंडिका) हा भारतातील सर्वांत मोठा कृंतक म्हणजे कुरतडणारा प्राणी आहे. त्याला साळू किंवा सायाळ असेही म्हणतात. तो पूर्णतः निशाचर असून दिवसा बिळात किंवा खडकांच्या कपारीत राहतो. पुढील पायांच्या मजबूत नख्यांनी तो कंदाभोवती खड्डा खणतो. नारळ व सुपारीच्या कोवळ्या रोपांचा बुंधा जमिनीलगत कुरतडून तो आतील मऊ गाभा खातो. त्यामुळे रोप मरते. छिन्नीने तासल्यासारख्या दातांच्या खुणा व जागेवर गळून पडलेले काळे-पांढरे काटे या त्याच्या ओळखीच्या खुणा आहेत. साळिंदर काटे फेकून मारते हा समज चुकीचा आहे. ते मागे सरकून शत्रूला काटे टोचते.

घूस

घूस (बँडिकोटा इंडिका) वस्तीलगत राहते. घराचा पाया, गोठा, मोरीची जागा, गडग्यांच्या फटी व नारळाची आळी येथे ती बिळे पाडते. बिळाच्या तोंडाशी सैल मातीचा ढीग दिसतो. कंद वरून शाबूत दिसावा व आतून पोखरलेला असावा, हे घुशीच्या उपद्रवाचे लक्षण आहे. बँडिकूट हे इंग्रजी नाव तेलुगू भाषेतील पंदिकोक्कु या शब्दावरून आले असून त्याचा अर्थ डुक्कर-उंदीर असा होतो. घुशींच्या सोडलेल्या बिळांत नाग, घोणस यांसारखे साप आश्रय घेतात. म्हणून बिळात हात घालणे धोकादायक असते.

जवादी मांजर व मुंगूस

जवादी मांजर (व्हिवेरिक्युला इंडिका) रात्री, तर मुंगूस दिवसा मातीतील अळ्या व कीटक शोधतात. त्यांनी केलेले खड्डे लहान, शंकूच्या आकाराचे व काही सेंटीमीटर खोल असतात. एका रात्रीत असे अनेक खड्डे पडले, तरी झाडांची मुळे सहसा शाबूत राहतात. हे प्राणी उंदीर व हुमणी खात असल्याने त्यांचा वावर बागेला एकंदरीत उपकारक ठरतो.

खवले मांजर

खवले मांजर (मॅनिस क्रॅसिकॉडेटा) मुंग्या व वाळवी यांवर जगते. त्यासाठी ते वारुळे व वाळवीची घरटी फोडते. त्याने उकरलेली जागा वारुळाजवळ किंवा वाळवी लागलेल्या ओंडक्याजवळ असते आणि सैल मातीत शेपटी ओढल्याची खूण दिसू शकते. ते कंद किंवा पिके खात नाही. धोका जाणवताच ते अंगाचे वेटोळे करते. खवल्यांसाठी होणाऱ्या शिकारीमुळे ही प्रजाती संकटात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिच्या संवर्धनाचे काम केले आहे. चिपळूण तालुक्यातील डुगवे या गावात 2020 मध्ये जागतिक खवले मांजर दिनानिमित्त खवलोत्सव साजरा करण्यात आला. त्यात खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून मिरवण्यात आली.

अन्य प्राणी

माकडे व वानरे मुख्यतः फळे, कोवळी पालवी व शहाळी यांचे नुकसान करतात. क्वचित भुईमूग किंवा रताळी उपटतात. मोर नुकतेच पेरलेले बी उकरून खातात. गव्यांच्या वावरामुळे जमीन तुडवली जाते. भटकी कुत्री व मोकाट गुरे यांनी केलेली नासधूस काही वेळा वन्यप्राण्यांच्या नावावर टाकली जाते.

नुकसानीचे स्वरूप

परसबागेतील नुकसान क्षेत्रफळाच्या दृष्टीने अल्प असले, तरी घरगुती अन्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. कंदपिके ही कोकणी परसाची पारंपरिक ठेव आहे. सुरण, कणगर व करांदे यांचे बेणे घरोघरी पुढील वर्षासाठी राखून ठेवले जाते. एका रात्रीत पीक उकरले गेल्यास त्या वर्षीच्या अन्नासोबत पुढील वर्षाचे बेणेही नष्ट होते. सतत नुकसान सोसावे लागल्याने अनेक कुटुंबे कंद लावणे सोडून देतात आणि त्यामुळे स्थानिक वाण लोप पावण्याचा धोका संभवतो.

उताराच्या जमिनीवर उकरलेली माती पावसाळ्यात वाहून जाते. भाताचे बांध व पाट फुटतात. गडग्याच्या पायथ्याशी उकरल्यास दगड ढासळतात. घुशींच्या बिळांमुळे मातीच्या जोत्याला भेगा जातात. पावसाळ्यात उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो. त्यामुळे अशा जागी काम करताना गमबूट व हातमोजे वापरणे व अंगावरील जखमा झाकणे आवश्यक मानले जाते.

पारंपरिक उपाय

कोकणात घराभोवती कुंपण घालण्याची परंपरा जुनी आहे. जांभ्याचे दगड किंवा चिरे रचून केलेल्या भिंतीला गडगा म्हणतात. सुस्थितीतील गडगा रानडुकरांना रोखू शकतो. परंतु त्याची दरवर्षी डागडुजी करावी लागते. बंद घरांचे गडगे ढासळल्यावर त्या वाटेने प्राणी शेजारच्या परसात शिरतात. काटेरी फांद्यांच्या कुंपणाला वई म्हणतात. करवंद, सागरगोटा, निवडुंग, शेर व घायपात या वनस्पतींचे जिवंत कुंपणही केले जाते. वईला ठेवलेले लहान फाटक बेडे या नावाने ओळखले जाते.

भातशेतीत माळा बांधून रात्री राखण करणे, डबे वाजवणे, आरोळ्या देणे, शेकोटी पेटवणे व बुजगावणे उभे करणे या पद्धती प्रचलित होत्या. वाडीतील पुरुष आळीपाळीने राखणीला जात. स्थलांतरामुळे मनुष्यबळ घटल्याने ही सामूहिक व्यवस्था अनेक ठिकाणी बंद पडली आहे. बऱ्याच शेतांभोवती जुन्या रंगीत साड्या बांधलेल्या आढळतात. त्यांचा परिणाम साधारणतः प्राण्यांना त्या सवयीच्या होईपर्यंत टिकतो.

आधुनिक उपाय

खाद्य व आकर्षण कमी करणे

- झाडाखाली पडलेली फळे रोज गोळा करणे आणि खरकटे व ओला कचरा झाकणबंद टाकीत साठवणे.
- पूर्ण कुजलेलेच शेणखत वापरणे. गांडूळ खताची टाकी जाळीने किंवा झाकणाने बंद ठेवणे.
- पहिल्या पावसानंतर संध्याकाळी प्रकाश सापळे लावून किंवा फांद्या हलवून हुमणीचे भुंगेरे गोळा करणे व नष्ट करणे. मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी शेणखतात मिसळून मातीत दिल्यास अळ्यांचे प्रमाण कमी होते.
- लॉनला संध्याकाळऐवजी सकाळी पाणी देणे. रात्री ओली राहणारी जमीन गांडुळांना वर आणते व प्राण्यांना खणण्यास सोपी जाते.
- घराच्या मागील झुडपे तोडून गडग्यालगत मोकळा पट्टा ठेवणे.

लॉन उकरले गेले असल्यास प्रथम एका ठिकाणी गवताचा सुमारे एक फूट लांब-रुंद तुकडा उचलून त्याखाली अळ्या आहेत का हे तपासले जाते. उलटलेले पट्टे त्याच दिवशी जागेवर बसवून दाबल्यास व पाणी दिल्यास गवत पुन्हा मुळे धरते. अळ्या शिल्लक राहिल्यास मात्र प्राणी त्याच जागी परत येतात.

जाळीचे कुंपण

रानडुक्कर कुंपणावरून उडी मारण्यापेक्षा त्याखालून शिरण्याचा प्रयत्न करते. म्हणून कुंपणाच्या उंचीपेक्षा त्याचा तळ मजबूत असणे अधिक महत्त्वाचे असते. लोखंडी जाळी जमिनीत सुमारे 30 सेंमी पुरणे किंवा तिच्या तळाशी चिऱ्यांचा थर देणे उपयुक्त ठरते. जांभ्याच्या कातळावर जाळी पुरणे शक्य नसल्यास तळ सिमेंटमध्ये पक्का केला जातो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत साधी तार लवकर गंजते. तेथे जस्तलेपित तार वापरली जाते. नारळाच्या रोपांभोवती जाळीचे किंवा पत्र्याचे वैयक्तिक आवरण घातल्यास साळिंदरापासून संरक्षण मिळते. संपूर्ण बागेला कुंपण घालणे परवडत नसेल, तर कंदांचे वाफे घराच्या अगदी जवळ आणून तेवढ्याच जागेला पक्के कुंपण घालणे किंवा कंद पोत्यांत व मोठ्या कुंड्यांत लावणे हा पर्याय वापरता येतो.

सौर कुंपण

सौर कुंपणात सौर पट्टीवर भारित होणारी बॅटरी व स्पंदयंत्र यांच्या साहाय्याने तारांमध्ये साधारणतः दर सेकंदाला एक अत्यल्प कालावधीचे स्पंद सोडले जाते. तारेला स्पर्श होताच प्राण्याला वेदनादायक झटका बसतो. योग्य मानकांचे यंत्र वापरल्यास तो प्राणघातक नसतो. रानडुकरांसाठी खालच्या तारा जमिनीलगत, त्यांच्या नाकाच्या उंचीवर ठेवाव्या लागतात.

रत्नागिरीच्या परिस्थितीत या कुंपणाला दोन अडचणी येतात. पावसाळ्यात झपाट्याने वाढणारे गवत तारांना टेकल्याने विद्युतभार जमिनीत निघून जातो; त्यामुळे तारांखालील गवत वारंवार काढावे लागते. उन्हाळ्यात कोरड्या जांभ्यातून भूसंपर्क नीट होत नाही व झटका कमजोर पडतो. म्हणून भूसंपर्काची सळई विहिरीजवळ, मोरीच्या पाण्याजवळ किंवा नारळाच्या ओल्या आळ्यात पुरणे सोयीचे ठरते. महाराष्ट्र शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेतून पात्र गावांतील शेतकऱ्यांना सौर कुंपणासाठी अनुदान दिले जाते.

वास, आवाज व प्रकाश

तिखटाचा धूर, माणसांचे केस, उग्र वासाची द्रावणे, लुकलुकणारे दिवे व ध्वनियंत्रे यांचा वापर केला जातो. या उपायांचा परिणाम सहसा अल्पकाळ टिकतो, कारण प्राण्यांना त्यांची सवय होते. जोरदार पावसात वासाची द्रावणे धुऊन जातात. बेणे लावल्यानंतरचे काही दिवस किंवा काढणीपूर्वीचा आठवडा अशा थोड्या कालावधीसाठी, जागा व प्रकार बदलत राहिल्यास ते उपयोगी पडू शकतात.

घातक उपाय व त्यांचे परिणाम

रानडुकरांसाठी दुचाकीच्या क्लचच्या तारेची फासकी लावणे, खाद्यात गुंडाळलेले गावठी बॉम्ब ठेवणे, विषप्रयोग करणे आणि कुंपणात घरगुती विजेचा प्रवाह सोडणे असे प्रकार कोकणात आढळतात. फासकी प्राण्यांमध्ये भेद करत नाही. रानडुकराच्या वाटेवरूनच बिबट्याही ये-जा करतो. जिल्ह्यात बिबटे फासकीत अडकल्याच्या घटना वारंवार नोंदल्या गेल्या असून कमरेभोवती आवळलेल्या तारेमुळे त्यांतील काही प्राणी मरण पावले आहेत. जखमी व अडकलेला बिबट्या जवळ जाणाऱ्या माणसालाही धोकादायक असतो.

गावठी बॉम्ब तोंडात फुटून गुरे व कुत्री मरतात किंवा जबडा फुटलेल्या अवस्थेत दीर्घकाळ तडफडतात. कुंपणात सोडलेल्या घरगुती विजेचा प्रवाह सलग असतो व स्नायू आखडल्यामुळे तारेला चिकटलेली व्यक्ती सुटू शकत नाही. पहाटे शेतावर जाणारा शेतकरी, शेजारी किंवा घरातीलच मूल अशा तारेचे बळी ठरू शकते. सौर कुंपण आणि थेट वीज सोडलेले कुंपण यांतील हा फरक मूलभूत आहे.

रात्री टोळीने केलेल्या बेकायदेशीर शिकारीत रानडुक्कर समजून साथीदारालाच गोळी लागल्याच्या घटनाही कोकणात घडल्या आहेत.

कायदेशीर तरतुदी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 9 नुसार अनुसूचीतील वन्यप्राण्यांची शिकार करण्यास मनाई आहे. शिकार या संज्ञेत ठार मारण्यासोबत पकडणे, विष घालणे, फासात अडकवणे व तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो. अधिनियमात 2022 मध्ये दुरुस्ती करण्यात आली व ती 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आली. पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत असलेले रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. बिबट्या व खवले मांजर पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्या शिकारीस किमान 3 ते कमाल 7 वर्षे कारावासाची व दंडाची तरतूद आहे.

कलम 11 नुसार, दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास किंवा उभ्या पिकांसह मालमत्तेस धोकादायक ठरल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी आदेशाने शिकारीची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुक्कर व रोही यांच्याबाबत अशा परवान्याची कार्यपद्धती ठरवून देण्यात आली आहे. परवानगीने ठार केलेला प्राणी शासनाची मालमत्ता असतो. स्वतःच्या किंवा इतरांच्या बचावासाठी सद्‌भावनेने प्राण्यास मारणे वा जखमी करणे हा गुन्हा मानला जात नाही.

शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. हा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. त्यामुळे वन्यप्राणी मारण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. त्यासाठी वन खात्याचा स्वतंत्र आदेश आवश्यक असतो. कुंपणात थेट वीज सोडणाऱ्यावर वन्यजीव कायद्याबरोबरच विद्युत अधिनियम, 2003 नुसार आणि मनुष्यहानी झाल्यास फौजदारी कायद्यानुसार कारवाई होते.

कलम 62 नुसार केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला विशिष्ट क्षेत्रात व विशिष्ट मुदतीसाठी उपद्रवी प्राणी म्हणून घोषित करू शकते. 2015-16 मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही व रानडुक्कर, उत्तराखंडच्या काही जिल्ह्यांत रानडुक्कर, तर हिमाचल प्रदेशातील सिमला येथे माकड यांच्याबाबत अशा अधिसूचना निघाल्या होत्या. केरळ सरकारने 2022 मध्ये रानडुकरांबाबतचे आदेश देण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले. उपद्रवी घोषणेचे समर्थक शेतकऱ्यांचे नुकसान व परवानाप्रक्रियेतील विलंब यांकडे लक्ष वेधतात. विरोधकांच्या मते, शिकारीची सरसकट मोकळीक दिल्यास अन्य प्रजातींची शिकारही वाढते आणि पडीक जमिनींचा मूळ प्रश्न कायम राहतो.

नुकसानभरपाई

रानडुक्कर, माकड, गवा इत्यादी वन्यप्राण्यांमुळे झालेल्या पीकहानीसाठी महाराष्ट्र शासन अर्थसाहाय्य देते. त्यासाठी नुकसान निदर्शनास येताच विहित मुदतीत जवळच्या वन कार्यालयात अर्ज करावा लागतो. महसूल, कृषी व वन खात्यांच्या स्थानिक कर्मचाऱ्यांकडून जागेची पाहणी व पंचनामा केला जातो. अर्जासोबत सातबारा उतारा आवश्यक असल्याने, उकरलेली जागा पूर्ववत करण्यापूर्वी तिची छायाचित्रे घेणे व सातबाऱ्यावर पिकाची नोंद असणे उपयुक्त ठरते.

परसबागेच्या बाबतीत ही तरतूद अनेकदा अपुरी पडते. घरालगतच्या थोड्या जागेतील मिश्र कंदपिकांची सातबाऱ्यावर नोंद नसते, वडिलोपार्जित जमिनीवर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात व त्यांतील बरेच जण गावाबाहेर राहतात. शोभेच्या लॉनचे नुकसान पीकहानी या संज्ञेत बसत नाही. जिल्ह्याच्या वन विभागाचे मुख्य कार्यालय चिपळूण येथे आहे. अडकलेला किंवा जखमी वन्यप्राणी आढळल्यास वन खात्याच्या 1926 या हेल्पलाइन क्रमांकावर संपर्क साधता येतो. कंदपिके, नारळबागा व हुमणी नियंत्रण यांविषयीचे मार्गदर्शन दापोली येथे 1972 मध्ये स्थापन झालेल्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडून मिळते.

सामूहिक उपायांचे महत्त्व

एका घराने पक्के कुंपण घातल्यास प्राणी शेजारच्या परसाकडे वळतात. त्यामुळे संपूर्ण वाडीभोवती एकत्रित कुंपण घालणे, बंद घरांच्या गडग्यांची दुरुस्ती करणे व वस्तीलगतच्या पडीक जमिनीतील झुडपे काढणे हे उपाय अधिक टिकाऊ ठरतात. सलग कुंपणामुळे प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला येणारी कुंपणाची लांबी व खर्चही घटतो. मात्र ओढ्याकाठचे व देवराईतील प्राण्यांचे नेहमीचे मार्ग पूर्ण बंद केल्यास ते नवे मार्ग शोधतात. म्हणून कुंपणाची आखणी करताना असे मार्ग मोकळे ठेवावे लागतात. जमीनमालक गावाबाहेर असल्याने त्यांची संमती मिळवणे हा या कामातील मुख्य अडथळा असतो. गणेशोत्सवात बहुसंख्य कुटुंबे गावात एकत्र येत असल्याने अशा निर्णयांसाठी तो काळ सोयीचा असतो.

अन्य प्रदेशांतील स्थिती

वन्यप्राण्यांकडून हिरवळ उकरली जाण्याचा प्रश्न जगाच्या अनेक भागांत आढळतो. उत्तर अमेरिकेत रॅकून, स्कंक व आर्माडिलो, ब्रिटनमध्ये बिज्जू तर ऑस्ट्रेलियात शिशुधान प्राण्यांतील बँडिकूट मातीतील अळ्यांसाठी लॉन खणतात. बर्लिन, रोम व बार्सिलोना या शहरांत रानडुकरे उद्यानांत व वस्त्यांत शिरतात. या ठिकाणीही अळ्यांचे नियंत्रण, कचऱ्याची बंदिस्त साठवण व तळाशी मजबूत असलेले कुंपण हेच मुख्य उपाय आहेत. रत्नागिरीत मात्र उकरली जाणारी जमीन प्रामुख्याने अन्न पिकवणारी असल्याने, या प्रश्नाचा संबंध घरगुती उपजीविकेशी व गावात राहून जमीन कसत राहण्याच्या शक्यतेशी येतो.

हेही पाहा

- रानडुक्कर
- साळिंदर
- खवले मांजर
- मानव-वन्यजीव संघर्ष
- वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972
- देवराई
- रत्नागिरी जिल्हा